बाई आल्या, बाई आली

"बाई आल्या का?" आणि "बाई आली का?" ही दोन वाक्ये आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकली आहेत. पहिलं वाक्य शाळेच्या वर्गातलं. दुसरं स्वयंपाकघरातलं, मोरीत भांडी तशीच पडली आहेत आणि दहा वाजत आले आहेत तेव्हाचं. शब्द एकच आहे, बाई. मान आहे तो क्रियापदात. शिकवणारी आल्या, घासणारी आली. अनेकवचनही बघा. "दोन्ही बाई आज रजेवर आहेत" म्हटलं की शिक्षिका, आणि "खुरपणीला आठ बाया लावल्या" म्हटलं की मजूर. मराठीत स्त्रीला मान द्यायचा की नाही, हा निर्णय आपण रोज, विचार न करता, एका काना-मात्रेत घेत असतो. आज आपल्याला बघायचंय ते हे, की हे शब्द आले कुठून, आणि त्यांच्यातला मान कुणाच्या वाट्याला आला, कुणाच्या नाही.

सुरुवात थोडी लांबून करू. हाक मारण्याचं व्याकरण आपल्याकडे फार जुनं आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, सातव्या अध्यायात, आई या अर्थाचे शब्द हाक मारताना आखूड होतात असं सूत्र आहे. अंबा या शब्दाचं हाकेत अंब होतं. त्या सूत्राखाली टीकाकार आणखी दोन शब्द देतात, अक्का आणि अल्ला. म्हणजे अक्का हा शब्द संस्कृत व्याकरणाला आईसाठी ठाऊक होता. आपल्याकडे आणि कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. बाराव्या शतकातल्या वचनकार महादेवी कर्नाटकात अक्का महादेवी म्हणून ओळखल्या गेल्या, त्या काही कुणाच्या सख्ख्या थोरल्या बहीण म्हणून नव्हे. ताईचंही तसंच बघा. कानडीत तायि म्हणजे आई, मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण, आणि हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आपली मोठी काकू. सोलापूर-अक्कलकोटकडच्या घरांतून या तीन भाषांचा रोज गोंधळ होतो आणि कुणाचं काही अडत नाही. नात्याचे शब्द असेच एका पिढीवरून दुसऱ्या पिढीवर, एका घरातून शेजारच्या घरात सरकत असतात.

आता मराठीकडे येऊ. तेराव्या शतकात, इ. स. १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात चक्रधरस्वामींच्या भोवतीच्या स्त्रिया आपल्याला नावानिशी भेटतात. महदाइसा, आउसा, उमाइसा, एकाइसा. नागुबाई तर सगळ्यांच्या तोंडी बाइसाच. शेवटचा हा 'सा' आदराचा प्रत्यय आहे. नावाला आधी आई किंवा बाई लावायचं, आणि त्याच्यावर पुन्हा हा 'सा'. म्हणजे मानावर मान. महदाइसा म्हणजेच महदंबा, मराठीतल्या पहिल्या कवयित्री, धवळे रचणाऱ्या. पंथातल्या स्त्रिया वेगवेगळ्या घरांतल्या, काही विधवा, काही घर सोडून आलेल्या. पण त्यांच्या नावामागे लागलेला हा मान नवरा आहे की नाही, हे विचारत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

वारकरी संतांमध्ये आणखी एक गंमत दिसते. आपण मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई म्हणतो. पण जनाबाई स्वतःला काय म्हणवतात? जनी. अभंगाच्या शेवटी येतं ते नाव जनी, नामदेवांची जनी. 'बाई' ही लोकांनी नंतर वाहिलेली. हीच गोष्ट थेट एकोणिसाव्या शतकात सावित्रीबाईंच्या बाबतीत दिसते. जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांत त्या स्वतःचा उल्लेख सावित्री असाच करतात. स्वतःला कुणी 'बाई' लावत नाही, ती दुसऱ्याने लावायची असते. म्हणून कुणाच्या नावाला ती लागली आणि कुणाच्या नाही हे तपासणं म्हणजे समाजाची नाडी तपासणं आहे असं आम्हाला वाटतं.

गावगाड्यात ही नाडी फार स्पष्ट लागते. वाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीला ताईसाहेब, आणि तिच्या आजीच्या वयाच्या, गावकुसाबाहेरच्या स्त्रीला रखमे, भागे, गंगे. नाव रखमाबाई असलं तरी हाकेत रखमी. वयाचा मान जातीपुढे चालत नसे. देवींना मात्र कुठलीही कसर नाही: अंबाबाई, काळूबाई, यमाई, सटवाई, मरीआई. ज्या स्त्रीला गावाने नावाची बाई दिली नाही तिच्याच अंगात मरीआई आली की तेच गाव तिच्यापुढे आई म्हणून वाकायचं. अंगातून गेली की पुन्हा रखमी. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केलं, त्यात लुगडं कसं नेसावं, दागिने कोणते घालावेत, कोणते टाकावेत हे सांगितलं. कपड्यावरून, दागिन्यावरून जात ओळखू येते ती पुसा, असा त्याचा रोख होता. नावाचं आम्हाला त्याच मालिकेत बसवावंसं वाटतं. जुलै १९४२मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पुढे शांताबाई दाणी, शांताबाई कांबळे. या नावांतली बाई ही सवयीची नाही, ती मिळवलेली आहे. आणि त्याहून पुढे, रमाबाईंची रमाई झाली, सावित्रीबाईंची सावित्रीमाई. काही जाणत्या मंडळींना हे भावनेचं वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. शतकानुशतकं ज्यांच्या आईला गाव एकेरी हाक मारत होतं, त्यांनी आपल्या थोर स्त्रीला आई म्हणायचं ठरवलं, यात हिशेब आहे.

दरबाराकडे थोडक्यात जाऊ. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पण घरातल्या एका अरबी शब्दाला कुणी हात लावू शकलं नाही, तो म्हणजे साहेब. मुळात अरबीत साहिब म्हणजे सोबती, मग धनी. पुल्लिंगी शब्द. स्त्रीलिंगी साहिबा अरबी-फारसीला माहीत आहे, पण मराठीने ती भानगड ठेवलीच नाही. आईसाहेब, राणीसाहेब, वहिनीसाहेब, बाईसाहेब. साहेब तसाच राहिला आणि क्रियापद मात्र स्त्रीलिंगी बहुवचनी झालं: आईसाहेब आल्या. जिजाऊंना आऊसाहेब, मासाहेब म्हणताना आपण एक कानाला घरगुती लागणारा शब्द आणि एक अरबी शब्द अगदी सहज जोडतो. अहमदनगरच्या किल्ल्यात मोगलांशी लढलेल्या चांद बीबींची बीबी फारसीतली, औरंगाबादच्या मकबऱ्यातलीही तीच. मराठी घरांत ती फारशी शिरली नाही, आपल्याकडे बाईने जागा अडवून ठेवली होती.

या बाईचं नशीब प्रांतागणिक वेगळं आहे. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे, मुंबई सेंट्रलजवळचं नायर रुग्णालय म्हणजे बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर. नावाच्या पुढेही बाई, मागेही बाई. अलीकडच्या लोकांना ती छापण्यातली चूक वाटते. ती चूक नाही, बाई पुढे लावण्याची ती गुजराती-पारशी वळणाची रीत आहे. उत्तरेकडे मात्र, मीराबाई आणि झाशीच्या लक्ष्मीबाई सोडल्या, तर गाणाऱ्या स्त्रीच्या नावामागची बाई हळूहळू कोठ्याशी जोडली गेली. अख्तरीबाई फैजाबादी १९४५मध्ये लग्न झाल्यावर बेगम अख्तर झाल्या. त्याच काळात आपल्याकडे हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर सभागृहं भरवत होत्या आणि त्यांच्या नावातली बाई कुणाला खटकत नव्हती. म्हणून मराठी भाषा फार सोवळी होती असं समजू नका हं. 'बाईचा नाद' हा शब्दप्रयोग आपलाच आहे, आणि तमाशातली बाई व शाळेतली बाई यांना आपण एका पंगतीला कधी बसवलं नाही.

आता ज्या भागासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येतो. बाई, ताई, आई, माई, अक्का हे शब्द स्त्रीचं वय किंवा मोठेपण सांगतात. दुसरा एक गट आहे तो स्त्रीचा नवरा सांगतो. त्याची जागा पत्राच्या मायन्यात आणि पत्रिकेत. कु., चि. सौ. कां., सौ., गं. भा. या चार खुणांत एका स्त्रीचं अख्खं आयुष्य बसवलेलं आहे, आणि प्रत्येक खूण नवरा यायचा आहे, येऊ घातला आहे, आहे, की गेला आहे, एवढंच सांगते. पुरुषाला जन्मभर श्री. पुरतो, फार तर लहानपणी कुमार आणि लग्नात चिरंजीव. तो विधुर झाला तर पत्रिकेतलं त्याचं एक अक्षरही बदलत नाही.

सौभाग्यवतीचं मूळ सुभग या शब्दात आहे. सुभग म्हणजे चांगल्या भाग्याचा, सुंदर, आवडता. सुभगा म्हणजे भाग्यवान, विशेषतः नवऱ्याची लाडकी. मराठीपर्यंत येताना सौभाग्य म्हणजे नवऱ्याचं जिवंत असणं एवढाच अर्थ उरला. सुवासिनीची सवाष्ण झाली ती अशीच. जुन्या पत्रांतून सौभाग्यवतीला वज्रचुडेमंडित असं विशेषण लावत. वज्रासारखा चुडा, म्हणजे न फुटणारा. मायन्यातच आशीर्वाद आणि मायन्यातच धाक. कारण बांगडी फुटली की काय होतं, हे लिहिणाराही जाणून होता आणि वाचणारीही.

नवरा गेला की गंगाभागीरथी. पेशवाईतल्या पत्रांत वडीलधाऱ्या विधवा स्त्रीला गंगाजळनिर्मळ असा मायना घालत. भाषा किती सुंदर आहे बघा! भागीरथी म्हणजे पुन्हा गंगाच. एकाच नदीची दोन नावं जोडून तिचं पावित्र्य दुप्पट केलंय. पण हे शब्द ज्या काळात पत्रावर लिहिले जात, त्या काळी कितीतरी घरांत त्या स्त्रीचे केस काढलेले असत, अंगावर लाल आलवण असे, आणि घरात तिच्यासाठी बोलीतले जे शब्द वापरले जात ते आम्ही या सभेत उच्चारणार नाही, आपल्याला ते ठाऊक आहेत. शिवाय ही निर्मळ असण्याची पदवी म्हणजे अटही आहे. गंगेसारखी राहशील तर मान. १८५६चा विधवाविवाहाचा कायदा झाल्यावरही किती कमी स्त्रिया त्या वाटेने गेल्या हे पाहिलं की अटीचं वजन कळतं. १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या गोदूबाईंचं नाव नंतर आनंदीबाई झालं, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या बाया कर्वे म्हणून. गं. भा. आणि सौ. या दोन्ही खुणा एकाच स्त्रीच्या नावाला, तीही उलट्या क्रमाने लागाव्यात, याची सोय जुन्या मायन्यांत नव्हती.

एक स्त्री या सगळ्याच्या बाहेरून निघून गेली. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२मध्ये त्यांचे पती वारले, त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. त्यांना कुणी गं. भा. रमाबाई म्हटलेलं आपल्या कानावर नाही. त्या पंडिता रमाबाईच राहिल्या, शत्रूंच्या तोंडीसुद्धा. इथे एक व्याकरणाची बारीक गोष्ट सांगायला हवी. संस्कृतात आचार्या म्हणजे स्वतः शिकवणारी आणि आचार्यानी म्हणजे आचार्यांची बायको, असा भेद व्याकरणकारांनी केला आहे. उपाध्याय शब्दाचंही तसंच. म्हणजे स्वतः विद्वान असलेली स्त्री त्यांच्या डोळ्यांसमोर होती, नाहीतर नियम करण्याची गरज काय? मराठीने मात्र हा भेद पुसट केला. पाटलीण म्हणजे पाटलांची बायको, मास्तरीण म्हणजे स्वतः शिकवणारी, आणि डॉक्टरीणबाई म्हणजे दोन्हींपैकी कुणीही, ते गावाला विचारायचं. आता ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, त्यामुळे सरपंच शब्दाचं काय करायचं हा प्रश्न आला. लोकांनी सरपंचताई, सरपंचबाई करून तो सोडवला. सरपंचपती हा शब्दही लोकांनीच काढला, आणि तो फार खरा आहे.

श्रीमती या शब्दाची कथा तर गैरसमजांचीच आहे. श्रीमत् म्हणजे श्री असलेला, त्याचं स्त्रीलिंग श्रीमती. त्यात नवरा नाही, वैधव्यही नाही. मुंबईच्या महिला विद्यापीठाला १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींच्या मातुःश्रींचं नाव देण्यात आलं तेव्हा त्यात श्रीमती नाथीबाई असंच लिहिलं गेलं. स्वातंत्र्यानंतर सरकारी कागदांवर मिस्टर-मिसेसच्या जागी श्री. आणि श्रीमती आले. हिंदीत श्रीमती म्हणजे विवाहित स्त्री. मराठी घरांत मात्र गं. भा. लिहिणं जुनाट वाटू लागल्यावर तिची जागा श्रीमतीने घेतली, आणि अर्थ विधवा असा चिकटला. मग व्हायचं ते होतंच. नव्याने लग्न होऊन शाळेत नोकरीला लागलेल्या मुलीचं नाव हजेरीपटावर श्रीमती म्हणून येतं, आणि घरी सासूबाईंच्या काळजात धस्स होतं. हिंदी प्रदेशातून आलेल्या लग्नपत्रिकेवर यजमानीणबाई श्रीमती असल्या की इथले पाहुणे हळूच चौकशी करतात. एकच शब्द, नर्मदेच्या अलीकडे पांढरा, पलीकडे हिरवा.

आणि हे केवळ हसण्यावारी नेण्याजोगं नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. राज्य सरकारने तो नमुना इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल २०२३मध्ये, विधवा या शब्दाऐवजी गं. भा. वापरावा असा प्रस्ताव तयार करण्याची सूचना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून आली. स्त्रीसंघटनांनी लगेच विरोध केला, आणि निर्णय झालेला नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. सूचना करणाऱ्यांचा हेतू मान देण्याचा असेल, तो आम्ही नाकारत नाही. पण शब्द आपला जुना संसार बरोबर घेऊन येतात. हेरवाडने खूण पुसायचं ठरवलं होतं आणि इथे ती नव्याने छापली जाणार होती.

म्हणून आम्हाला दुर्गाबाई भागवतांचं उदाहरण सारखं आठवतं. त्यांनी लग्न केलं नाही. १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष. पासष्टीच्या त्या विदुषीला कु. लिहायचं की काय लिहायचं, हा पेच छापणाऱ्यांपुढे असेल, पण बोलणाऱ्यांपुढे नव्हता. त्या दुर्गाबाई. इरावती कर्वे विवाहित, त्या इरावतीबाई. तेराव्या शतकातल्या बाइसांना लागलेली तीच ही बाई, नवऱ्याचा प्रश्न न विचारणारी. आपल्याकडे असा तयार, जुना, स्वच्छ शब्द असताना आपण तो घालवला, ही खरी हानी. शाळेतल्या बाई मॅडम झाल्या. मॅडम हा फ्रेंच 'मा दाम', म्हणजे माझी धनीण, इंग्रजीतून आलेला. शहरात बाई हा शब्द भांड्यांपुरता उरला आणि मग तिथेही तो टोचायला लागला, म्हणून आता मावशी. २००८च्या कायद्याने त्यांना घरेलू कामगार म्हटलं. मावशी म्हटल्याने पगार वाढत नाही हे खरं, पण 'मावशी आल्या का' असं विचारणारी मुलं आता घरोघरी दिसतात. निदान क्रियापद बदललं आहे, आणि आजच्या विषयापुरतं बोलायचं तर ते थोडं नाही. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, या नव्या हाकाही याच काळातल्या.

घरातल्या हाकांबद्दल एकच. एकत्र कुटुंबात मुलं काका-आत्यांचं ऐकून स्वतःच्या आईलाच वहिनी म्हणत, काही घरांत काकू म्हणत, आणि मरेपर्यंत तेच चाले. आता नव्या सुना सासूला 'अहो आई' म्हणतात आणि माहेरी 'ए आई'. एका 'अहो'वर दोन आयांमधला सगळा फरक तोलून धरलेला असतो.

लग्नपत्रिकेचा मजकूर कसा करावा, असं या व्याख्यानाच्या जाहिरातीनंतर काही जणांनी कळवून विचारलं होतं. आमचं मत सरळ आहे: फक्त नावं छापा. ज्यांना लावायचीच असेल त्यांनी सगळ्या स्त्रियांना श्रीमती लावा, म्हणजे कुणाला ओळखू येणार नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येऊ लागलं आहे, तेही कसलीही उपाधी न लावता. कीर्तनकार असतील तर ह. भ. प. लिहायला हरकत नाही, ते स्त्रीपुरुष दोघांनाही चालतं. आणि वारीत तर प्रश्नच मिटतो. तिथे पोलीसपाटील असो, भाजीवाली असो, बँकेतला साहेब असो, पुढच्या माणसाला बाजूला सरकायला सांगायचं तर सगळे एकच म्हणतात, "माउली, जरा वाट द्या."

पुढच्या व्याख्यानात पुरुषांच्या पंत, राव, बुवा आणि रा. रा. यांच्याकडे वळू. प्रश्न असतील तर आता घेऊ.